जीटी३ घेताना: मॅन्युअल की पीडीके?

मित्रा, नुसते आकडे बघून गिअरबॉक्स ठरवू नकोस. २०१७ च्या पोर्श ९११ जीटी३ या स्पोर्ट्स कारमध्ये पीडीके, म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताशी शंभर किमीचा वेग ३.४ सेकंदांत गाठतो, मॅन्युअलला ३.९ लागतात. पीडीकेत दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच लागलेला असतो. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की काम झालं. ट्रॅकवर शिकताना हाच बरा, सगळं लक्ष ब्रेक आणि वळणावर राहतं.

पण मॅन्युअलची गंमत वेगळीच! इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांकडे चढतंय, डावा पाय क्लचवर, गिअरचा आखूड दांडा मनगटाच्या झटक्यात ‘टक्‌’ करून बसतो. ते तळहाताला जाणवतं. घाटात मी डोळे झाकून हाच निवडेन. एक मात्र सांभाळ: वेगात असताना पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं आणि कामातूनच जातं. दांडा आवळून धरू नकोस, हलक्या हाताने सरकव.