‘कोअर्सिव्हिटी बरोबर आहे’ म्हणजे नेमकी कुठली?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझे ते चार महिने डोळ्यांसमोर उभे राहिले. मोटर तापली, निओडिमियम चुंबकांची ताकद एक तृतीयांशाने उतरली, चुंबक परत पाठवले तर ‘कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व पुसायला लागणारं उलटं क्षेत्र) मानकात आहे’ असा अहवाल आला, आणि आता तुम्ही विचारताय की मग ताकद गेली कुठे. अहवाल खोटा नसणार. तुम्ही विचारलं एक आणि त्यांनी मोजलं दुसरंच, असं झालं असावं. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं.

हिस्टेरिसिसचा फास (चुंबक भरताना-उतरवताना मिळणारा बंद वक्र), एच (बाहेरून लावलेलं क्षेत्र), बी (ते क्षेत्र आणि चुंबकाचं स्वतःचं चुंबकन मिळून होणारं एकूण क्षेत्र) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही, चुंबक वापरून यंत्रं जुळवणारा आहे. खालचे आकडे चुंबकांच्या नेहमीच्या माहितीपत्रकांत दिसतात तसे आहेत, तरी तुमच्या मालाचं पत्रक शेजारी ठेवूनच वाचा.

कोअर्सिव्हिटी हा एक शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. उलट दिशेचं क्षेत्र वाढवत नेलं की एका टप्प्यावर बी शून्य होतो. ती एचसीबी. पण तेव्हा चुंबकाचं स्वतःचं चुंबकन शाबूतच असतं. बाहेरचं क्षेत्र आणि आतलं चुंबकन एकमेकांना रद्द करतात, म्हणून बेरीज शून्य येते एवढंच. क्षेत्र आणखी वाढवल्यावर एका जागी चुंबकनच कोसळून शून्य होतं. ती एचसीजे, म्हणजे अंगभूत कोअर्सिव्हिटी. चुंबक टिकेल की नाही हे ही दुसरी ठरवते.

माझी चूक इथेच झाली. माझ्यासमोर निओडिमियम चुंबकांच्या दोन प्रतींची पत्रकं होती, एक साध्या एन४२ चं आणि एक एन४२एसएच चं, म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या पण उष्णता जास्त सोसणाऱ्या प्रतीचं. ‘कोअर्सिव्हिटी’ म्हणून लिहिलेल्या रकान्यात एकीकडे ११.५ आणि दुसरीकडे ११.८ किलो-ओर्स्टेड. फरक नगण्य वाटला, म्हणून साधा घेतला. तो रकाना एचसीबीचा होता. एचसीबीला वरून छत असतं: बीआर (बाहेरचं क्षेत्र काढल्यावर पूर्ण भरलेल्या चुंबकात उरणारा बी) १३ किलोगॉस असेल तर एचसीबी १३ किलो-ओर्स्टेडच्या वर जाऊच शकत नाही, माल कितीही चिवट असो. त्यामुळे सारख्याच बीआरच्या चांगल्या निओडिमियम प्रतींची एचसीबी जवळपास सारखीच दिसते. शेजारच्या रकान्यात एचसीजे होती, साध्याला किमान १२ आणि एसएचला किमान २०. मी तिकडे पाहिलंच नाही.

मी घेतलेल्या चुंबकाच्या चकत्या २० मिलिमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्यावर चिकटवल्या, मागे लोखंड नाही. इपॉक्सी पक्की व्हावी म्हणून पाटा भट्टीत १०० अंशांवर तासभर ठेवला. भट्टीत घालण्याआधी चकतीच्या मध्यावर गॉसमीटर १,२५० च्या आसपास दाखवत होता. बाहेर काढून पूर्ण थंड झाल्यावर ९००. सोळाच्या सोळा चकत्यांवर तेच. मला वाटलं मीटर बिघडला, म्हणून दुसरा मागवून आणला. त्यावरही ९००.

हिशेब करून पाहा. एवढ्या पातळ चकतीचा विचुंबकन गुणक जवळपास ०.८ असतो, म्हणजे चकती स्वतःवरच उलटं क्षेत्र लादून बसलेली असते. १०० अंशांवर बीआर सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो (दर अंशाला साधारण ०.१२ टक्के) आणि ते स्व-विचुंबकन क्षेत्र येतं ७५० किलोअँपिअर प्रति मीटरच्या घरात. एचसीजे मात्र दर अंशाला ०.६ टक्क्यांच्या आसपास घसरते. खोलीच्या तापमानाला किमान ९५५ (पत्रकातले १२ किलो-ओर्स्टेड म्हणजे तेवढेच किलोअँपिअर प्रति मीटर) असलेली ती १०० अंशांवर ५०० च्या आगेमागे येते. ७५० समोर ५०० चा काय टिकाव लागणार? बाहेरून कसलंही क्षेत्र न लावता चकतीने स्वतःलाच विचुंबकित केलं. थंड झाल्यावर बीआरची तेवढी दहा टक्के घट भरून निघते, पण हे नुकसान भरत नाही.

म्हणून पत्रकावरचा ‘कमाल ८० अंश’ हा आकडा सगळ्या आकारांना सारखा लागू होतो असं मुळीच धरू नका. लांब दांड्याला तो सोसेल, पातळ चकतीला नाही.

आता ज्याने माझे महिने खाल्ले ते सांगतो. विकणाऱ्यांच्या तांत्रिक विभागाचं पहिलं उत्तर होतं: या मालाचं क्युरी तापमान ३१० अंशांच्या आसपास आहे, १०० अंशांनी काही होत नाही. क्युरी तापमानाला पदार्थाचं लोहचुंबकत्वच संपतं. त्याच्या कितीतरी खाली चुंबक निम्मा होऊ शकतो, हे चुंबक विकणाऱ्याला माहीत नसावं याचा मला आजही राग येतो. नंतर त्यांनी नमुने तपासणीला पाठवले. सात आठवड्यांनी अहवाल आला: बीआर ठीक, कोअर्सिव्हिटी ठीक, तक्रार अमान्य.

मी तो अहवाल कितीदा वाचला असेल! शेवटी कार्यपद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ सापडली. मोजण्याआधी नमुना स्पंद-चुंबकित्रात (क्षणभर प्रचंड क्षेत्र देणाऱ्या यंत्रात) संपृक्त केला होता. म्हणजे माझा अशक्त झालेला चुंबक त्यांनी आधी पुन्हा पूर्ण भरला आणि मग तो भरलेला आहे असं लिहून दिलं. बंद परिपथात, म्हणजे चुंबक लोखंडी चौकटीत धरून, पूर्ण वक्र काढायचा तर ही पद्धत चुकीची नाही. कोअर्सिव्हिटी हा त्या मालाचा गुण आहे, चुंबक या घडीला किती भरलेला आहे त्याचं माप नव्हे. अंशतः विचुंबकित चुंबकाची कोअर्सिव्हिटी उतरत नाही. माझ्या प्रश्नाला मात्र त्या अहवालात उत्तरच नव्हतं, आणि फोनवर हे कुणी दोन वाक्यांत सांगितलंही नाही.

तेव्हा तुमचे उरलेले चुंबक कुणाकडेही पाठवताना लेखी द्या: ‘आले तसेच, पुन्हा न चुंबकता, हेल्महोल्ट्झ कुंडलीत (समोरासमोरच्या दोन वेटोळ्यांत) चुंबकी आघूर्ण, म्हणजे चुंबकाची एकूण ताकद, मोजा.’ त्याच जातीचा एक कोरा चुंबक सोबत द्या, म्हणजे तुलना होईल. आणि जे-एच वक्र (जे म्हणजे चुंबकाचं स्वतःचं चुंबकन) मागाल तो तुमच्या चालू तापमानाचा मागा. २० अंशांचा वक्र तापलेल्या मोटरबद्दल काही सांगत नाही. बी-एच वक्र मिळाला तर दुसऱ्या चरणात (उलट्या क्षेत्राच्या भागात) त्याचा गुडघा, म्हणजे वक्र एकदम खाली वळतो ती जागा, कुठे आहे ते पाहा. तुमची भाररेषा (चुंबकाचा आकार आणि भोवतालचं लोखंड यांवरून ठरणारी रेषा) वक्राला जिथे छेदते ती जागा त्या गुडघ्याच्या वर राहिली पाहिजे.

माझं स्पष्ट मत: मोटरमध्ये साधी एन प्रत घालूच नये. एच किंवा एसएच घ्या, बीआर एक पायरी कमी मिळाला तरी चालेल. पण एसएच म्हणजे अमरपट्टा नव्हे. एचसीजे वाढवायला बऱ्याचदा डिस्प्रोशियम हे दुर्मिळ मूलद्रव्य घालतात आणि त्याचं आघूर्ण लोखंडाच्या उलट दिशेला असतं, त्यामुळे बीआर थोडा पडतोच. तुमच्या मोटरमध्ये कुंडल्यांचं उलटं क्षेत्रही आहे, जे माझ्याकडे नव्हतं, म्हणून माझा हिशेब जसाच्या तसा उचलू नका. सर्वात जास्त प्रवाह आणि सर्वात जास्त तापमान एकाच वेळी धरून गणित मांडा.

फेराइटकडे (लोखंडाच्या ऑक्साइडच्या स्वस्त चुंबकांकडे) वळायचा विचार असेल तर तिथे प्रकार उलटा आहे. त्याची एचसीजे तापमानाबरोबर वाढते आणि थंडीत घटते. फेराइटची मोटर गोठणाऱ्या थंडीत जोरात सुरू केली की चुंबक मार खातात, तेव्हा तपासणी सर्वात थंड टोकाला करा.

तुमच्या अहवालात ‘संपृक्त’ किंवा ‘पूर्वचुंबकन’ असा शब्द कुठे आहे का, ते आधी बघून इथे लिहा. चुंबकाची जाडी आणि मागच्या लोखंडाची मापंही द्या, भाररेषा काढून देतो.