स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन रूपं आहेत, प्रेतेरितो आणि इम्पेर्फेक्तो. मग प्रेतेरितो कधी आणि इम्पेर्फेक्तो कधी?

बी-वनला (मधल्या पातळीला) सगळेच इथे अडकतात. पण मराठी माणसाला इंग्रजीवरून शिकण्याची गरज नाही, आपल्याकडे हा फरक आधीच आहे.

'जेवलो' म्हणजे कोमी (प्रेतेरितो). 'जेवायचो' किंवा 'जेवत होतो' म्हणजे कोमीआ (इम्पेर्फेक्तो). 'तू फोन केलास तेव्हा मी जेवत होतो' हे 'क्वान्दो यामास्ते, कोमीआ'. मराठीत वाक्य मनात म्हणा, बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

काळ किती लांब होता यावर काही ठरत नाही. 'माद्रिदला दोन वर्षं राहिलो' यात दोन वर्षं असली तरी मुदत संपलेली आहे, म्हणून बिबी, बिबीआ नाही. भूतकाळातलं वय आणि घड्याळातली वेळ मात्र सहसा इम्पेर्फेक्तोत. 'तीन वाजले होते' याला 'एरान लास त्रेस'. इथे मराठीवर विसंबलात तर फसाल.

मला सगळ्यात आवडणारी जोडी: साबीआ म्हणजे 'माहीत होतं', सुपे म्हणजे 'कळलं'. क्रियापद एकच, साबेर. तसंच कोनोसेर: कोनोसीआ 'ओळखत होतो', कोनोसी 'ओळख झाली'.

रूपांचं म्हणाल तर इम्पेर्फेक्तो अगदी सोपा, अनियमित क्रियापदं तीनच: सेर म्हणजे असणे (एरा), इर म्हणजे जाणे (इबा), बेर म्हणजे पाहणे (बेईआ). घोकंपट्टी प्रेतेरितोसाठी राखून ठेवा. तुबे (माझ्याकडे होतं), एस्तुबे (मी होतो), पुसे (ठेवलं), इसे (केलं), दिखे (म्हणालो) ही पाच आधी पाठ करा, बाकीची नंतर.