साइट जुलैमध्ये दाखव

पोरी,

परीक्षा पास झाल्याचा मेसेज काल पाहिला. अभिनंदन. आमच्या वेळी एजंट व्हायला एक टेबल, एक लँडलाइन आणि चालतं तोंड पुरायचं. तुम्हाला आधी परीक्षा, मग महारेराची, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाची, नोंदणी. बरंच झालं. पण त्या परीक्षेत टेकडी नाही. आणि तू ऑफिस थाटतेयस पुण्याच्या बावधनमध्ये, म्हणजे पहिला फ्लॅट विकशील तोसुद्धा टेकडीच्याच जिवावर.

गिऱ्हाईक आपल्याकडे कशाला येतं? कोथरूडमध्ये परवडत नाही, हिंजवडीला रोज जायचंय आणि गॅलरीतून हिरवं दिसायला हवंय. पहिल्या दोन गोष्टींना आपण काही करू शकत नाही. तिसरीवर मात्र फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर) लागतो, पीएलसी (मोक्याच्या जागेचा जादा आकार) लागतो, ब्रोशरची चार पानं लागतात. आणि गंमत बघ, जी टेकडी विकली जाते ती बिल्डरची नसते, सोसायटीची नसते. ती समोरच्या सर्व्हे नंबराची असते. उद्या त्या जागेचं काय होणार हे ज्याला माहीत नाही, त्याने व्ह्यू हा शब्द उच्चारू नये. हे मी अनुभवाने सांगतोय, त्यावर येतोच.

आधी आपलं गाव नीट समजून घे. बावधन खुर्द पुणे महापालिकेत आलं 1997 ला, 23 गावांबरोबर. बुद्रुक आलं 2021 च्या जूनअखेरीला, सूस-म्हाळुंग्याबरोबर. तोवर तिथे ग्रामपंचायत होती. बाहेरच्याला दोन्ही बावधन एकच. कागदावर चोवीस वर्षांचा फरक आहे. 97 च्या गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, ज्याला आपण सगळे बीडीपी म्हणतो. भांडणं, मोर्चे, हरकती सगळं झालं आणि 2015 ला सरकारने ते कायम केलं, मोबदला 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क. शेतकऱ्याला विचार 8 टक्के म्हणजे काय. माझ्या ओळखीचे एक आजोबा त्यांच्या एकरभर उतारावर अजून गवत कापतात. त्यांच्या शेजारचा, फक्त खाली सपाटीला जमीन होती म्हणून, आज दोन गाड्या बाळगून आहे. त्या आजोबांच्या डोळ्यातलं पाणीच आपण व्ह्यू म्हणून विकतो, हे विसरू नकोस. मी विसरलो होतो.

तेव्हा झोन दाखला (जमीन कशासाठी राखलीय ते सांगणारा) आणि त्यासोबतचा पार्ट प्लॅन, म्हणजे नकाशाचा तुकडा, मागितल्याशिवाय कुठल्याही साइटवर गिऱ्हाईक नेऊ नकोस. तोही नुसता साइटचा नाही, समोरच्या आणि वरच्या जमिनीचासुद्धा. एकाच सर्व्हे नंबरात खालचा अर्धा रहिवासी आणि वरचा अर्धा बीडीपी असं सर्रास असतं. नकाशा हातात नसेल तर पायाने मोज. पाच पावलं पुढे जाताना एक पाऊलभर उंची चढलीस, तर 1:5 चा चढ झाला. त्याहून जास्त असेल तर बांधकामाला डोंगरमाथा-डोंगरउताराचा नियम आडवा येतो. हे काही कायदेशीर मोजमाप नव्हे, पण कान टवकारायला पुरेसं आहे. एवढ्या चढावर कुणी दोन-दोन गुंठे पाडून, नोटरी करून, सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणाला, तर चहासुद्धा पिऊ नकोस त्याच्याकडे. कमिशन तो जास्त देतो. कारण कळेलच तुला.

आता पाण्याचं. टेकडीवरचं पाणी कुठेतरी जाणारच. आपल्याकडे ते ओढ्यांनी रामनदीला मिळतं, रामनदी पाषाणच्या तलावातून पुढे मुळेला. मधल्या ओढ्यांचं काय झालं ते तू रोज बघतेस: कुठे पाइपात घातले, कुठे भराव टाकून त्यावर क्लब हाउस. मे महिन्यात साइट दाखवली की सगळं छान, कोरडं, वारा सुटलेला. म्हणून सांगतो, गिऱ्हाईक जुलैमध्ये ने. सेल्सवाले म्हणतील चिखल आहे, पुढच्या महिन्यात या. नेमकं तेव्हाच जा. पार्किंगच्या मागच्या भिंतीशी उभी राहा. डोंगर कापून बांधलेल्या रिटेनिंग वॉलला पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. चांगल्या पावसात त्यातून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर भिंत श्वास घेतेय. लाल गढूळ पाणी येत असेल तर मागची माती चाललीय. आणि धो धो पावसात भोकं कोरडी ठणठणीत असतील तर सगळ्यात वाईट, कारण मागे पाणी तुंबलंय आणि भिंत ते पोटावर झेलतेय. मी इंजिनिअर नाही, माझं ऐकून निवाडा देऊ नकोस, स्ट्रक्चरलवाल्याला दाखव. पण बघ जरूर. 29 जून 2019 ला मध्यरात्र उलटल्यावर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, 15 माणसं गेली. शेजारी खोदकाम चालू होतं. त्या वर्षी पावसाळा नुकताच सुरू झाला होता.

उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे टँकर. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलंस तर "कधीतरी मागवतो" म्हणेल. वॉचमनला विचार. गेटवरची वही त्याच्याकडे असते, मार्च-एप्रिलची पानं उलटून बघ, रोज किती टँकर आत आले ते मोज. मग मेंटेनन्सचा आकडा का वाढतो ते गिऱ्हाइकाला तूच सांग, दुसऱ्याने सांगण्याआधी. नवीन प्रोजेक्टला महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन, असं बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं. त्याची प्रत माग. बऱ्याच ठिकाणी ते पत्र असतं हेच राहणाऱ्यांना ठाऊक नसतं.

चांदणी चौकाबद्दल फार लिहीत नाही. जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात पाडला, नवा 2023 च्या ऑगस्टमध्ये खुला झाला, जाहिरातीत सगळे "चौकापासून पाच मिनिटं" आहेत. संध्याकाळी सात वाजता स्वतः स्कूटरवर जाऊन ये आणि जितकी लागतील तितकी सांग.

पैशाचं मात्र कागदावर लिहून देत जा, तोंडी नको. 80 लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट म्हणजे स्टँप ड्युटी सेसधरून 7 टक्के, 5 लाख 60 हजार. नोंदणी 30 हजार. जीएसटी 5 टक्के, 4 लाख. झाले की 9 लाख 90 हजार वर. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, आलेलं असेल तर जीएसटी नाही. फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत एक टक्का सुटतो, म्हणजे 80 हजार; हे ऐकून कितीतरी नवऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. आणि करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायला लावू नकोस, बिल्डर कितीही "उद्यापासून रेट वाढतोय" म्हणाला तरी. रेट प्रत्येक उद्यापासून वाढतच असतो.

आता माझी गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दिला. आईला पायऱ्या नकोत, पण टेकडी हवी. गॅलरीत उभं राहिलो तर समोर नुसतं कुसळी गवत, चार बाभळी, मागे चढ. मी म्हणालो, आजी, इथे काय होतंय, ही टेकडीच आहे. दाखला बघितला नव्हता. गवत बघितलं होतं. त्या आजींनी गॅलरीत वेताची खुर्ची ठेवली, कठड्याला तुळस. चौथ्या वर्षी समोर खडक फोडायचा ब्रेकर लागला. जमीन पायथ्याची, रहिवासी झोनची, सगळं कायद्यात. आज त्या खुर्चीतून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. आजी मला भाजी मंडईत भेटल्या होत्या एकदा. रागावल्या नाहीत. "अहो, तुमची टेकडी कुठे हलवलीत?" एवढंच म्हणाल्या आणि मेथीची जुडी निवडायला लागल्या.

आजी गेल्या वर्षी वारल्या. मुलगा तो फ्लॅट विकतोय. फोन त्याने मलाच केला, का ते देव जाणे. मी त्याला तुझा नंबर दिलाय, उद्या-परवा बोलेल. रेट बाजाराप्रमाणे लाव, गॅलरीची कडी बदलून घ्यायला सांग, सोसायटीकडून एनओसी आधीच मागवून ठेव. जाहिरातीत हिल व्ह्यू लिहू नकोस.

तुझा,
काका