छातीची गाठ, हळदीची धास्ती आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

पत्र : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावचा, वय २४. बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला आहे. नववीत असताना माझ्या दोन्ही स्तनाग्रांखाली सुपारीएवढ्या गाठी आल्या, त्या वाढल्या आणि गेल्याच नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा मी दोन बनियन घालतो आणि मित्रांबरोबर मलप्रभेवर पोहायला जात नाही. दोन वर्षांपूर्वी जिम लावली. तिथल्या एकाच्या सांगण्यावरून काही महिने पावडर आणि इंजेक्शने घेतली, तर छाती आणखीच पुढे आली. आता घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू आहेत, मे महिन्यात बार उडवायचा म्हणतात. हळदीला उघड्या अंगाने बसायचे या विचाराने मला झोप लागत नाही. एका क्लिनिकच्या जाहिरातीत ‘एका तासात ऑपरेशन, डाग राहणार नाही’ असे वाचले. आप्पांना न सांगता कर्ज काढून करून घेऊ का? आणि मुलीला हे सांगावे लागेल का?

उत्तर : तुम्ही ही गोष्ट दहा वर्षे एकट्याने सोसलीत आणि आज पहिल्यांदा कुणाला तरी लिहून कळवलीत. शस्त्रक्रिया करून घ्यावी असे तुम्हाला वाटते, यात लाजण्यासारखे काही नाही आणि तो नटवेपणाही नाही. तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार मला रास्त वाटतो. मात्र तुम्ही ठरवलेला क्रम, म्हणजे आधी जाहिरात, मग कर्ज आणि घरात अक्षरही न बोलता टेबलावर जाणे, मला मान्य नाही.

या स्थितीला डॉक्टर गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुरुषाच्या छातीतही जन्मापासून थोडी स्तनग्रंथी असते. वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण काही काळ डगमगते आणि ती ग्रंथी वाढते. वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना हे कमी-अधिक प्रमाणात होते, आणि बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. ज्यांची विरत नाही त्यांच्या गाठीत हळूहळू तंतुमय, घट्ट ऊतक तयार होते, आणि मग ती औषधाने किंवा काळाच्या ओघात जात नाही. तुमची गाठ दहा वर्षे टिकली आहे, म्हणून ती आपोआप जाईल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. टॅमॉक्सिफेनसारखी, इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी औषधे काही रुग्णांना सुरुवातीच्या दुखऱ्या अवस्थेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात, पण इतक्या जुन्या गाठीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेल, लेप, चूर्ण यांवर तर एक रुपयाही घालवू नका.

व्यायामाने ही गाठ का गेली नाही, याचेही उत्तर इथेच आहे. केवळ चरबीने छाती मोठी झाली असेल तर वजन उतरल्यावर ती कमी होते, परंतु ग्रंथी म्हणजे चरबी नव्हे. उलट छातीचा स्नायू भरला की वरची ग्रंथी आणखी पुढे ढकलली जाते. तुम्ही मेहनत कमी केलीत असे मुळीच नाही.

इंजेक्शनांविषयी मात्र मला कठोरपणे लिहावे लागते आहे. जिममध्ये हातोहात दिली जाणारी अशी इंजेक्शने बहुधा ॲनाबॉलिक स्टेरॉइड असतात. शरीरात जास्त झालेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तेच इस्ट्रोजेन स्तनग्रंथी वाढवते. शिवाय बाहेरून हे द्रव्य मिळू लागले की वृषणांचे स्वतःचे काम मंदावते. आपल्या भागात तालमीची परंपरा मोठी आहे, येळ्ळूरच्या कुस्ती मैदानात उतरण्याची स्वप्ने पाहणारी मुले गावोगावी आहेत, आणि अशा मुलांच्या हातात कुणी कुपी ठेवतो तेव्हा मला संताप येतो. तुम्ही ती बंद केली असतील तर उत्तम, नसतील तर आजच करा. काय घेतले, किती घेतले आणि केव्हा थांबवले हे डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा, कारण ती चालू असताना केलेल्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते.

शस्त्रक्रियेआधी कारण शोधणे का आवश्यक आहे, हे यावरून लक्षात येईल. बहुतेक तरुणांत कोणताही आजार सापडत नाही. पण यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचे आधिक्य, रक्तदाबावरचे स्पायरोनोलॅक्टोन किंवा मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोन यांसारखी औषधे, क्लाइनफेल्टर सिंड्रोम ही जन्मजात गुणसूत्रीय अवस्था, आणि क्वचित वृषणातील गाठ, यांमुळेही छाती वाढते. म्हणून रक्तात टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन ही संप्रेरके, तसेच थायरॉइड, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या आणि छातीची सोनोग्राफी डॉक्टर सुचवू शकतात. वृषणांची तपासणीही व्हायलाच हवी. तिथे संकोचून ‘नको’ म्हणू नका. गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कठीण आणि स्तनाग्राच्या मध्यापासून दूर असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, त्वचा आत ओढली गेली असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर पुरुषांतही स्तनाचा कर्करोग होतो हे ध्यानात ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत. तो दुर्मीळ आहे, स्तनाच्या सर्व कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का. तुमच्या पत्रातल्या वर्णनात त्याची लक्षणे नाहीत.

आता शस्त्रक्रियेविषयी. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढण्याची पद्धत वेब्स्टर या सर्जनांनी १९४६ मध्ये मांडली आणि ती आजही प्रचलित आहे, कारण दोन रंगांच्या सीमेवर असलेला वण सहसा नजरेत भरत नाही. हल्ली आधी बारीक नळीने भोवतालची चरबी ओढून घेतात, म्हणजे लायपोसक्शन करतात, आणि नंतर या छेदातून घट्ट ग्रंथी कापून काढतात. नुसत्या लायपोसक्शनने तुमच्यासारखी तंतुमय गाठ पूर्ण निघणे अवघड असते, म्हणून ‘फक्त सुईएवढी भोके’ असे सांगणाऱ्याला ग्रंथीचे काय करणार हे स्पष्ट विचारा. स्तनाग्रामागे ग्रंथीचा पातळ थर मुद्दाम ठेवावा लागतो, नाहीतर तिथे खळगा पडतो. त्वचा फार लोंबत असेल तर तीही कमी करावी लागते आणि वण वाढतात. तुमच्या वयात त्वचा बहुधा आपोआप आवळते. पूर्ण भूल किंवा स्थानिक भुलीसह गुंगी देऊन हे काम साधारण एक ते दोन तासांत होते आणि बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. काढलेले ऊतक पॅथॉलॉजी तपासणीला पाठवा, असा आग्रह धरा.

‘एका तासात’ हे एक वेळ खरे मानता येईल, पण ‘डाग राहणार नाही’ हे कुणीही प्रामाणिक सर्जन म्हणणार नाही. छेद घेतला की वण राहतोच, तो फिका होतो इतकेच. रक्त साठणे, पाणी साठणे, स्तनाग्राची संवेदना काही महिने मंद होणे, दोन्ही बाजूंत थोडा फरक उरणे, जंतुसंसर्ग हे धोके या शस्त्रक्रियेत आहेत, आणि ते आधी सांगणारा डॉक्टर मला अधिक विश्वासाचा वाटतो. सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा तत्सम पदवीधारक आहे का, भूल देणारा तज्ज्ञ हजर राहणार का, रात्री त्रास झाला तर कोण येणार, हे विचारा. बेळगावात सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत करता येते, आणि केएलईच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना कोल्हापूर किंवा मिरज जवळ पडेल. एक गोष्ट आपल्या सीमाभागापुरती आवर्जून सांगते. संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला ते नीट वाचता येत नसेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. काय काढणार, किती काढणार आणि काय बिघडू शकते हे आपल्या भाषेत कळणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यासाठी अवघडून जाऊ नका.

खर्चाचा लेखी अंदाज दोन ठिकाणांहून घ्या, त्यात भूल, पॅथॉलॉजी, दाबपट्ट्याचे बनियन आणि नंतरच्या भेटी धरल्या आहेत का ते पाहा. विमा कंपन्या या शस्त्रक्रियेला बहुधा सौंदर्योपचार मानून नाकारतात, पण नोकरीमुळे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड असेल तर निदान तपासण्या तिथे होतील का ते विचारा. जास्त व्याजाने कर्ज काढू नका. ही गाठ दहा वर्षांची आहे, पैसे साठवायला आणखी काही महिने लागले तरी ती धोकादायक होणार नाही.

तुमच्या कामाचा विचारही तारीख ठरवताना करावा लागेल. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे घट्ट दाबबनियन अंगात ठेवावे लागते आणि तितकेच दिवस जड उचलणे, दांडपट्ट्यासारखे हात फिरवणे, जिम बंद. बैठ्या कामाचा माणूस आठवड्याभरात कामावर जातो. भट्टीपुढे उभे राहून साचे उचलणाऱ्याला ते जमणार नाही, म्हणून सुपरवायझरशी हलक्या कामाविषयी आधी बोलून घ्या. भट्टीच्या उष्णतेत ते बनियन चैत्र-वैशाखात सोसवणार नाही आणि आपल्या पावसाळ्यात धुतलेले वाळणार नाही. तुमच्यासाठी दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस सर्वांत योग्य, आणि बनियनही दोन घ्या. सूज पूर्ण उतरून छातीचा अंतिम आकार यायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे मे महिन्याच्या हळदीआधी महिनाभर टेबलावर जाण्यात अर्थ नाही. तोवर जमले नाही, तर हळद बनियन घालूनही लावता येते. घरच्या थोरल्या बाईने एकदा ‘राहू दे त्याच्या अंगात’ म्हटले की मांडवात कुणी विचारत नाही.

मुलीला सांगावे का? तपासण्या स्वच्छ आल्या तर ही केवळ छातीच्या आकाराची बाब आहे. त्यामुळे पुरुषत्वात किंवा मूल होण्यात काही कमी येत नाही, आणि ती गोष्ट लग्न ठरल्यावर तुम्ही दोघे निवांत बोलाल तेव्हा सांगितली तरी चालेल. परंतु संप्रेरकांत दोष निघाला किंवा क्लाइनफेल्टरचे निदान झाले, तर त्याचा अपत्यप्राप्तीशी थेट संबंध येतो. तेव्हा मात्र साखरपुड्याआधी तिला सांगणे हे तुमचे कर्तव्य आहे, आणि म्हणूनही रक्ताचे अहवाल लग्नाची बोलणी पक्की होण्याआधी हाती हवेत.

आप्पांशी बोलणे कठीण वाटत असेल तर आईला, मामांना किंवा थोरल्या भावाला सांगा, पण घरातल्या एका माणसाला सांगाच. भूल घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवता येत नाही आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एखादी बाजू अचानक टणक फुगली, तर आत रक्त साठत असते व ताबडतोब रुग्णालयात परतावे लागते. ती पहिली रात्र गावी न जाता बेळगावातच कुणा नातेवाइकाकडे काढा, आणि तो सांगितलेला माणूस तुमच्याजवळ असू द्या.