लेक्चरसाठी स्वतःचा सर्व्हर: जित्सी की बिगब्लूबटन?

कॉलेजचे ऑनलाइन तास स्वतःच्या सर्व्हरवर घ्यायचे तर जित्सी लावावं की बिगब्लूबटन, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही व्हिडिओवरून मीटिंग नि वर्ग घ्यायची फुकटातली सॉफ्टवेअर. एका वेळी दीडशे मुलं बसणार असतील तर बिगब्लूबटन. जित्सी स्टाफ मीटिंगला उत्तम, पण त्यात रेकॉर्डिंगसाठी जिब्री नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं आणि एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग रेकॉर्ड करतं. समांतर तास असले की तिथेच गाडी अडते.

"आवाज तुटतो म्हणून प्राध्यापक वैतागलेत," असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मुद्दाम लिहितोय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तालुक्याच्या एका कॉलेजात बिगब्लूबटन मीच उभं केलं होतं. विभागप्रमुख सरांच्या तासाला आवाज तुटायचा. त्यांचं ठाम मत: फुकटातलं सॉफ्टवेअर असंच असणार. मी सर्व्हर बघितला तर सीपीयू निवांत. सर पीपीटी स्क्रीन शेअर करून दाखवायचे, वर सगळ्यांचे कॅमेरे सुरू पाहिजेत हा हट्ट. स्क्रीन शेअर म्हणजे सलग व्हिडिओ. तीस जणांचे कॅमेरे सगळ्यांना दिसायचे तर प्रत्येकाला २९ व्हिडिओ उतरवावे लागतात. आमचा एक विद्यार्थी रेंजसाठी शेताच्या बांधावर बसायचा. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज, त्यातच धाकट्या बहिणीची शाळा. त्याने कॅमेरा कशाच्या जोरावर लावायचा?

त्याच सर्व्हरवर, त्याच मुलांना गणिताच्या मॅडम शिकवायच्या. आधी पीडीएफ अपलोड करायच्या आणि त्यावरच पेनने गणित सोडवायच्या. अपलोड केलेलं पान मुलाकडे चित्र म्हणून एकदाच जातं. पुढे फक्त पेनच्या रेघा आणि आवाज. त्यांच्या तासाची एकही तक्रार माझ्याकडे आली नाही. हे सरांना दाखवलं, तरी त्यांनी सॉफ्टवेअरलाच दोष दिला. मुलं शिकायला बसली होती, चेहरे दाखवायला नाही, हे मी आजही त्यांना तोंडावर सांगेन.

तेव्हा प्राचार्यांकडून लेखी सूचनाच काढून घ्या: स्लाइड अपलोडच करायच्या, आणि विद्यार्थ्यांना एकमेकांचे कॅमेरे दिसण्याची सोय लॉक सेटिंगमधून बंद.

अर्थात मशीनच कमी ताकदीचं असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही. ८ कोअर, १६ जीबी रॅम, कोरं उबुंटू (ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम); कॉलेजची वेबसाइट त्याच मशीनवर नको. आवाज आणि व्हिडिओ ज्यातून जातात ते यूडीपी १६३८४ ते ३२७६८ पोर्ट (सर्व्हरची नेटवर्कवरची दारं) उघडे हवेत. ऑफिसच्या फायरवॉलमागून येणाऱ्यांसाठी (तिथे हे पोर्ट बंद असू शकतात) ४४३ पोर्टवर टर्न सर्व्हर लावा; तो आवाज-व्हिडिओ मध्ये थांबून पुढे पोचवतो. रेकॉर्डिंगची प्रक्रिया तास संपल्यावर सुरू होते आणि सीपीयू खाते, ती रात्रीवर टाका.