नव्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं 'नॉर्मल आहे सर'

तुमची तक्रार दोनदा वाचली. गाडी चौदा महिन्यांची, ११ हजार किलोमीटर चाललेली. तीनदा सकाळी बॅटरी उतरलेली. स्क्रीन मधेच बंद पडून आपोआप परत सुरू होते. आणि गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, भर पावसात, रात्री खंबाटकी घाट चढताना एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग असे सगळे दिवे एकदम लागले आणि स्टीअरिंग जड झालं. तिन्ही वेळा सर्व्हिस सेंटरने बॅटरी चार्ज केली, स्कॅनर लावून गाडीने साठवलेले दोषाचे कोड पुसले आणि 'गाडी कमी चालते म्हणून होतंय' असं सांगून गाडी परत दिली.

मुलं गाडीत होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. दोष सापडेपर्यंत ही गाडी घाटात आणि हायवेवर नेऊ नका. इलेक्ट्रिक स्टीअरिंगची मदत गेली तरी चाक वळतं, पण एवढा जोर लावावा लागतो की वळणावर अचानक झालं तर माणूस गडबडतो. गावातल्या गावात चालवा, नाहीतर उभी ठेवा.

आता दोषाबद्दल. मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला वीस वर्षं काढली. एकाच वेळी पाच मशीन वेड्यासारखी वागायला लागली की आम्ही पाचही मशीन उघडत नव्हतो, आधी सप्लाय आणि अर्थिंग बघायचो. गाडीतही तसंच आहे. एबीएस, एअरबॅग आणि स्टीअरिंगचे तीन कंट्रोलर (म्हणजे छोटे कॉम्प्युटर) एकाच सेकंदाला बिघडणं जवळजवळ अशक्य. पण तिघांना मिळणारं व्होल्टेज एकदम पडलं तर तिघंही एकाच वेळी दिवा लावतात. स्टीअरिंगची मोटर जोरात वळवताना कित्येक अँपिअर ओढते, म्हणून व्होल्टेज पडलं की पहिली बोंब तिचीच असते. त्या रात्री हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, काचेचा डिफॉगर आणि वळणावळणाचं स्टीअरिंग, सगळा लोड एकत्र होता. नुसती उभ्या गाडीत बॅटरी उतरत असती तर कुठेतरी करंट झिरपतोय असं मी म्हटलं असतं. पण चालत्या गाडीत हे झालं, म्हणून माझा पहिला संशय बॅटरीच्या टर्मिनलवर, बॉडीच्या अर्थवर (बॅटरीचं निगेटिव्ह पत्र्याला जोडतात तो जोड) किंवा चार्जिंगवर आहे. टर्मिनल किंवा अर्थ ढिला असेल तर बॅटरी पूर्ण चार्जच होत नाही, आणि मग सकाळी सेल्फ मारताना ती बसते. तुमच्या तिन्ही तक्रारी या एका कारणाने जुळतात.

हे ताडून बघायला मोठी हत्यारं लागत नाहीत. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो लावून ठेवा. साधा मल्टिमीटरही घ्या. रात्री गाडी बंद केल्यावर तासाभराने आणि सकाळी दार उघडण्याआधी बॅटरीवर थेट व्होल्टेज मोजा (बॉनेटचा खटका आदल्या रात्रीच ओढून ठेवा, म्हणजे सकाळी दार उघडावं लागत नाही). १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ ला ती रिकामीच समजा. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमकुवत आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. इथे एक अपवाद आहे. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा डायनामो कॉम्प्युटर सांगेल तसा चालतो. इंधन वाचवायला तो मधेच चार्जिंग कमी करतो आणि तेव्हा १२.७ सुद्धा दिसू शकतं. एका आकड्यावरून 'डायनामो गेला' असं ठरवू नका. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावून दहा-पंधरा मिनिटं बघा. लोड असतानाही १२.५ च्या खालीच राहिला तर मात्र काहीतरी चुकतंय.

अर्थची चाचणी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये ती क्वचितच कोणी करतं. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, डिफॉगर सगळं चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, आतल्या शिशाच्या खांबावर. दुसरी पिन बॉडीच्या उघड्या पत्र्यावर किंवा अर्थच्या बोल्टवर. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. त्याहून जास्त आलं तर मधल्या कुठल्यातरी जोडात करंट अडतोय.

माझ्या स्वतःच्या गाडीने हे मला शिकवलं. आठव्या महिन्यात, पहिल्याच पावसाळ्यात, सेंट्रल लॉक आपोआप खटखट करायला लागलं आणि बॅटरी उतरायला लागली. डीलरने आधी बॅटरी बदलली. मग दारं, दिवे, वायपर सांभाळणारा बॉडी कंट्रोलर बदलला, त्यासाठी गाडी १९ दिवस तिथे पडून होती. पुढच्या मोठ्या पावसात सगळं परत सुरू. शेवटी ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने डाव्या बाजूचं कार्पेट उचललं. खाली फोम चिंब होता आणि अर्थच्या बोल्टवर हिरवा थर चढला होता. मीटरवर ०.८ व्होल्ट आले. गाडी मी गुलमोहराखाली लावायचो. त्याची बारीक पानं काचेच्या खालच्या जाळीतून जाऊन पाण्याची वाट बुजवत होती, आणि ते पाणी केबिनमध्ये उतरत होतं. मी त्याला तिथे हात लावू दिला नाही. फोटो आणि मीटरचा व्हिडिओ काढला, कार्पेट परत टाकलं आणि गाडी डीलरकडे नेली. बाहेर वायर सोलली असती तर उरलेली वॉरंटी माझ्या हाताने गेली असती. त्यांनी फोटो बघितला आणि त्याच संध्याकाळी बोल्ट साफ करून, पाण्याची वाट मोकळी करून दिली. दोन महिने मी ज्याच्यासाठी भांडत होतो ते काम दीड तासाचं होतं, याचा राग मला आजही येतो.

म्हणून तुम्हीही पुढच्या दोन्ही सीटसमोरच्या कार्पेटखाली हात घालून ओल बघा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या मोकळ्या आहेत का तेही बघायला सांगा. आणि बॉनेटमध्ये उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेली वायर दिसली तर ती तक्रार वॉरंटीत बसत नाही, तिथे विमा बघावा लागतो.

'कमी चालते' हे म्हणणं नेहमीच थाप नसतं, हेही सांगायला हवं. रोज तीन-चार किलोमीटर, एसी चालू, सिग्नलला इंजिन बंद होणारी गाडी, अशा वापरात बॅटरी खरंच भरत नाही. ते खोडून काढायचा मार्ग सोपा आहे. बाहेरच्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि गाडी चार दिवस लॉक करून ठेवा. चावी गाडीपासून लांब ठेवा, कारण काही गाड्या चावी जवळ असली की झोपतच नाहीत. सगळे कंट्रोलर झोपल्यावर धडधाकट गाडी साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत करंट घेते, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तास. अर्धा अँपिअर झिरपत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्मी. हा करंट मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर निगेटिव्ह केबलवर लावतात. बॉनेट उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवायचं, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं, आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. घाईत मोजलेला आकडा फसवतो. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आधी तो काढून मोजा. डीलरनेच बसवला असेल तर त्याचं बिल शोधून ठेवा, ते पुढे फार कामाला येतं.

दोन गोष्टी अजिबात करू नका, कोणाला करूही देऊ नका. डायनामो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुन्या मिस्त्रींची सवय आहे. आताच्या गाडीत त्याने व्होल्टेज उसळून कंट्रोलर जळू शकतात. दुसरं, स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर जरूर लावा, कोड वाचा, फोटो काढा, पण पुसू नका. कोडसोबत त्या क्षणाचं व्होल्टेज आणि वेग साठवलेला असू शकतो, आणि तोच तुमचा साक्षीदार आहे. पी०५६२ दिसला तर तो कमी व्होल्टेजचा कोड आहे. यू ने सुरू होणारे कोड कंट्रोलर एकमेकांशी बोलू शकले नाहीत असं सांगतात, आणि कमी व्होल्टेजमध्ये तेही ढिगाने येतात.

आता डीलरकडची बाजू, कारण तुमची खरी दमछाक तिथे होतेय. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात, आणि ते प्रत्येक कामासाठी ठरलेल्या वेळेप्रमाणे मिळतात. अधूनमधून येणारा दोष शोधण्यात मेकॅनिकने दोन दिवस घालवले तर ते बहुतेक डीलरच्याच अंगावर पडतात. म्हणून कोड पुसून गाडी सोडणं त्यांना सोयीचं असतं. समोरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर वाईट माणूस असेलच असं नाही, त्याच्यावर दिवसाला अमुक गाड्या सोडायचा दबाव असतो. त्याच्याशी भांडून तुमची शक्ती वाया जाते. कागद बोलू द्या.

गाडी देताना जॉब कार्डवर तो 'बॅटरी तक्रार, जनरल चेकअप' असं लिहितो. तिथेच थांबवा. तारीख, किलोमीटर, काय झालं, कोणते दिवे लागले, व्होल्टेज किती होतं, हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नका. गाडी घेताना ते म्हणतील, 'वॉरंटीत आहे, बिल नाही होत सर.' शून्य रुपयांचं बिल मागा. त्यावर काय तपासलं, कोणते कोड मिळाले, कोणता भाग बदलला हे हवं. 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं तर तेही आनंदाने घ्या. तीच तक्रार घेऊन चौथ्यांदा जाल तेव्हा आधीचे असे तीन कागद तुमच्या बाजूने उभे राहतात. आणि समाधान झाल्याच्या फॉर्मवर सही करू नका. नंतर कंपनीकडून फोन येतो आणि त्याआधी अ‍ॅडव्हायझर 'सर, दहापैकी दहा द्या' म्हणून विनवतो. त्या फोनवर जे घडलं ते तसंच सांगा. त्या आकड्यांकडे वरिष्ठांचं लक्ष असतं.

पुढची भेट सर्व्हिस सेंटरच्या वर्क्स मॅनेजरशी घ्या आणि तीन गोष्टी ईमेलवर मागा: लोड देऊन बॅटरीची चाचणी, अर्थ आणि टर्मिनलची व्होल्टेज ड्रॉप चाचणी (वर सांगितली तशी, जोडात किती व्होल्ट पडतात ते बघणारी), आणि कंपनीच्या तांत्रिक माणसाकडून गाडीची तपासणी. त्याच ईमेलमध्ये कंपनीच्या ग्राहक कक्षालाही ठेवा, तक्रार क्रमांक घ्या. तरी हलले नाहीत तर त्याच कंपनीचं दुसरं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटी कंपनीची असते, ज्याने गाडी विकली त्याच्याशी तुम्ही बांधलेले नाही. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलचा रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि त्यासाठी सुरक्षेच्या दोषाची तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते. चालताना स्टीअरिंग जड होणं ही तशीच तक्रार आहे, तुम्ही ती नोंदवाच.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यातच, दावा लावता येतो. गाडीसाठी तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दावा ऑनलाइनही भरता येतो. पण 'गाडीच बदलून द्या' ही एकच मागणी घेऊन जाऊ नका. २००६ साली एका नव्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता, कारण वॉरंटीत कंपनीने कबूल केलं होतं ते सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच. म्हणून दोष दूर करणं, वॉरंटी वाढवणं, गाडी पडून होती त्या दिवसांचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई, असं सगळं मागा. उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि गाडी तपासायला पाठवण्याचा अर्ज आयोगाकडे करता येतो. पण तिथवर जायची वेळ येणार नाही असं मला मनापासून वाटतं, कारण तुमचा दोष सापडण्यासारखा आहे.

या आठवड्यात एवढं करा: चार दिवस रात्रीचं आणि सकाळचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा सगळ्यात खालचा आकडा, आणि पूर्ण लोडवर निगेटिव्ह खांबापासून बॉडीपर्यंतचा ड्रॉप. कार्पेट ओलं आहे की कोरडं तेही लिहा. जुन्या तीन जॉब कार्डांचे फोटो टाका, नाव आणि गाडीचा नंबर झाकून. वर्क्स मॅनेजरला पाठवायचा ईमेल आपण इथेच मिळून लिहू.