मासा कानात कसा घालायचा?

प्रश्न: इन्फोकॉम कंपनीचा १९८४ चा, मजकुरावर चालणारा संगणक-खेळ 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' खेळतोय. व्होगॉन या परग्रहवासीयांच्या जहाजावर मासे देणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं की बेबल फिश (कानात घातला की कुठलीही भाषा समजवणारा मासा) उडतो आणि समोरच्या भिंतीतल्या भोकात जातो. आता यंत्रच रिकामं झालं. काय करू? (वाचक, सांगली)

उत्तर: आधी सेव्ह करून ठेवलेला खेळ उघडा. यंत्रात मासे मोजकेच असतात, म्हणून आधी सगळी मांडणी करायची आणि मगच बटण दाबायचं.

भोकाच्या वर हूक आहे, त्यावर अंगातला गाऊन टांगा. मासा आता गाऊनवर आपटतो, पण बाहीवरून घसरून खालच्या मोरीच्या जाळीत जातो. जाळीवर टॉवेल अंथरा. मग एक छोटा सफाई-रोबो धावत येतो आणि मासा उचलून भिंतीच्या तळाशी असलेल्या झडपेतून पसार होतो. तुमचा सोबती फोर्ड झोपला की त्याची पिशवी घ्या आणि झडपेसमोर ठेवा. रोबो पिशवीवर धडकतो, मासा हवेत उडतो, तर खोलीच्या वरच्या अर्ध्या भागाची सफाई करणारा दुसराच रोबो त्याला झेलून नेतो! म्हणून पिशवीवर जाहिरातींची पत्रं ठेवा. धडकेसरशी ती उधळतात, वरचा रोबो ती वेचण्यात गुंततो आणि मासा थेट तुमच्या कानात.

खरी फसगत पत्रांपाशी होते. ती पृथ्वीवर, घराच्या दाराशीच पडलेली असतात. न उचलता निघालात तर परत जायला पृथ्वीच उरत नाही. अशा वेळी खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो. हा भाग निर्दयी आहे. तरीही मजकुरावर चालणाऱ्या खेळांतलं हे मला सर्वांत आवडतं कोडं, कारण वाया गेलेला प्रत्येक मासा पुढचा अडथळा दाखवून जातो.

प्रश्न: 'मंकी आयलंड २' (१९९१) या संगणक-खेळात फॅट आयलंडच्या धबधब्यावरचा पंप कशाने बंद करायचा? (वाचक, पुणे)

उत्तर: माकडाने. स्कॅब आयलंडच्या बारमध्ये जोजो नावाचं माकड पियानो वाजवत असतं. पियानोवरच्या मेट्रोनोमवर (काटा हलवत ताल धरणारं यंत्र) केळं ठेवा. हलणाऱ्या केळ्याकडे बघत ते जागच्या जागी खिळतं. त्याला उचला आणि पंपावर पान्यासारखं वापरा. पाणी थांबतं आणि धबधब्यामागचा बोगदा मोकळा होतो.

सुचलं नाही यात तुमची चूक नाही. तोंड लहानमोठं करता येणाऱ्या एका पान्याला अमेरिकेत 'मंकी रेंच' म्हणतात, त्यावरची ही कोटी. ब्रिटनमध्येही त्या हत्याराला स्पॅनर म्हणतात, मग आपल्याकडे पाना म्हणणाऱ्याला माकड कुठून आठवणार?